रिकाम्या टाकीचा भरलेला दिवा

भित्रेपणालाही काही दर्जा असतो. कोणी वाघाला भितो, कोणी साहेबाला, कोणी बायकोला. यांतल्या कुठल्याही भीतीबद्दल चारचौघांत बोलता येतं. मी सलग तीन आठवडे हरभऱ्याएवढ्या चार दिव्यांना भीत होतो. हे कोणाला सांगायचं आणि कुठल्या तोंडाने?

हे चार दिवे आमच्या मोटरहोममध्ये, भांडी घासायच्या बेसिनच्या वर, एका पट्टीत ओळीने बसवलेले आहेत. प्रत्येकाखाली एकेक शब्द आहे: रिकामी, थोडी, अर्धी, भरलेली. एका वेळी एकच दिवा लागतो. ही जी रिकामी किंवा भरलेली असायची, ती म्हणजे गाडीच्या पोटाखालची मैल्याची टाकी. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. पलंग आहे, टेबल आहे, दोन शेगड्या आहेत, आणि श्वास सोडल्याशिवाय आत शिरता येणार नाही असा एक संडासही आहे. गाडीच्या तळाशी दोन टाक्या. एकीत स्वच्छ पाणी. ते वापरलं की जे काही होतं, ते संडासाचं असो की बेसिनचं, सगळं दुसरीत. वर माणसांनी हसतखेळत प्रवास करायचा आणि खाली हे घेऊन हिंडायचं. तशी आपली सगळ्यांचीच शरीररचना आहे म्हणा, पण आपल्याला बाहेरून दिवे लावलेले नसतात हे उपकार.

गाडी आमच्याकडे कशी आली ते सांगत बसत नाही. कोणासाठी आली ते सांगतो. ती आली माझ्या सासऱ्यांसाठी.

सासरे एकोणऐंशी वर्षांचे. तब्येत ठणठणीत, स्मरणशक्ती तर इतकी की मी लग्नात काय बोललो होतो ते अजून मला ऐकवतात. अडचण एकच: पाऊण तास. पाऊण तासाच्या वर त्यांना दम निघत नाही. कोणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी विचारतात, "कुठल्या बाजूला?" पुढे पुढे त्यांनी लोकांकडे जाणंच सोडलं. तीन वर्षांत ते आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यापलीकडे गेले नव्हते.

आणि त्यांची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या हिची आत्या, राहते समुद्राकाठी, सात तासांच्या रस्त्यावर. ती तीन वर्षांपूर्वी पडली ती अंथरुणालाच खिळली. दर रविवारी सकाळी भावाबहिणीचा फोन व्हायचा. शेवटी हे म्हणायचे, "येतो गं." ती म्हणायची, "ये." तीन वर्षं "येतो" आणि "ये". मग एका रविवारी ती "ये" म्हणाली नाही. नुसतं "बरं" म्हणाली. सासऱ्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. त्या दिवशी आमच्या हिने ठरवलं की बाबांना आत्याकडे न्यायचं, संडाससकट न्यायचं.

आता सासऱ्यांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची आपत्ती कळायची नाही. ते छत्तीस वर्षं गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. दर तासाला सगळे काटे वाचायचे आणि वहीत आकडे लिहायचे, हे त्यांचं काम. पाणी किती, दाब किती, टाकी कुठवर. त्यामुळे दिवा असो, घड्याळ असो, तापमापक असो, जे जे आकडा दाखवतं त्याला ते "काटा" म्हणतात आणि त्याच्यापुढे बाकी सगळ्यांना खोटं मानतात. "माणूस चुकतो जावईबापू, काटा चुकत नाही," हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी माझं वजन सांगितलं होतं आणि त्यांच्याकडे वजनकाटा होता.

निघण्याच्या तीन आठवडे आधी आम्ही त्यांना गाडी दाखवायला खाली आणलं. मी सकाळीच टाकी उपसून, धुऊन, पुन्हा उपसून ठेवली होती. सासरे आत आले, पिशवी मांडीवर घेऊन बसले, पलंग दाबून पाहिला, संडासाचं दार उघडून पाहिलं, खूश झाले. मग त्यांची नजर वर गेली.

"भरलेली," ते म्हणाले.

मी पाहिलं. चौथा दिवा लाल भडक पेटला होता.

"नाही बाबा, रिकामी आहे. मी स्वतः डोळ्यांनी पाहिलीय."

"तुमच्या डोळ्यांचं सोडा. काटा काय म्हणतो?"

"काटा चुकतोय."

ते शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं की काय होऊन बसलं. सासरे उठले, पिशवी काखेला मारली आणि जिन्याकडे चालायला लागले. "भरलेल्या टाकीत मी भर घालणार नाही," एवढंच म्हणाले. वर गेले आणि बाल्कनीतली नेहमीची खुर्ची धरली.

"एक दिवा विझवता येत नाही तुम्हाला?" ही म्हणाली. बावीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यावर केलेले सगळे आरोप या एका वाक्यात मावत होते.

मी माहिती काढली. या टाकीच्या भिंतीतून धातूचे छोटे खिळे आत गेलेले असतात, त्यांना सेन्सर म्हणतात. खिळ्याला पाणी लागलं की दिवा लागतो. पण त्या टाकीत नुसतं पाणी थोडंच असतं? जे असतं ते खिळ्यांना चिकटून बसतं. टाकी रिकामी झाली तरी ते बसूनच राहतं, आणि दिवा बिचारा प्रामाणिकपणे "भरलेली, भरलेली" म्हणत राहतो. म्हणजे खिळे खरवडायला हवेत. आणि खिळे आतल्या बाजूला. या विचारानेच माझा एक दिवस उपास घडला.

अशा वेळी शेजारी धावून येतात. आमच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांना आम्ही सर्वज्ञ म्हणतो. त्यांच्याकडे मोटरहोम नाही, साधी सायकलही नाही, पण माणसाला माहिती असायला वस्तू कशाला लागते? ते म्हणाले, "अहो, सोपं आहे. संडासातून दोन बादल्या बर्फ सोडा आणि गाडी वेड्यासारखी फिरवा. बर्फ आपटून आपटून खिळे लख्ख होतात."

मी बर्फ आणला. संडासाच्या भोकातून एकेक खडा आत सोडताना, "आपण शिकलो कशासाठी?" हा प्रश्न मनात आला, तो दाबला. मग गाडी काढली आणि चौकाला फेऱ्या मारायला लागलो. खालून असा आवाज येत होता की हाडांचं पोतं घेऊन चाललोय. चौथ्या फेरीला वाहतूक पोलिसाने हात केला.

"आत काय आहे?"

"बर्फ."

"कुठे ठेवलाय?"

भीतीने माणूस खरं बोलतो. "संडासात," मी म्हणालो.

पोलिसाने माझा परवाना मागितला, तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, परत परवाना वाचला. मग आवाज उतरवून विचारलं, "घरी कोणी आहे का तुमच्या?" मग त्याने आमच्या हिला फोन लावला, आणि तिने "हो, माझेच ते," असं कबूल केल्यावर त्याने मला सोडलं. बर्फ वितळला. दिवा "भरलेली".

खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, बर्फाने काय होतंय, कपड्यांची पावडर टाका, रात्रभर भिजू द्या. मी पाकीट टाकलं. मी जे काही करतो ते पोटभर करतो, त्यामुळे अख्खं टाकलं. सकाळी गाडीचं दार उघडलं तर संडासातून फेस निघून, मधली वाट ओलांडून, पलंगावर चढून बसला होता. मला वाटलं आत कोणी पांढरं पांघरूण घेऊन झोपलंय, आणि मी जो ओरडलो तो सर्वज्ञ बनियनवरच खाली धावत आले. फेस पाहून म्हणाले, "मी बर्फ सांगितला होता." दिवा "भरलेली".

मेकॅनिककडे गेलो. त्याने इंजिनाचं झाकण उघडायला हात पुढे केला, मी म्हणालो ते नाही, मागे. काय आहे ते ऐकल्यावर त्याने हात मागे घेतला आणि फडक्याला पुसला. अजून लावलाही नव्हता. म्हणाला, "साहेब, इंजिन सांगा, गिअर सांगा, रात्री दोनला बोलवा. हे नाही. हां, टाकी स्वच्छ असल्याचा नगरपालिकेचा दाखला आणलात तर बघू."

दाखल्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. स्वच्छता विभागातले कारकून चष्मा कपाळावर ठेवून अर्ज वाचत होते.

"घर की वाहन?"

"चाकांवरचं घर आहे."

"घर असेल तर पत्ता लिहा."

"पत्ता बदलतो."

"मग वाहन. वाहनाला टाकी पेट्रोलची असते. तिचा विभाग वेगळा."

"यात संडास आहे हो."

"मग घर. पत्ता लिहा."

मी आमच्या इमारतीचा पत्ता लिहिला. त्यांनी पुढचा रकाना दाखवला: टाकीची सध्याची पातळी, यंत्रावर दिसते ती. मी खोटं लिहू शकलो असतो. पण सरकारी कागदावर खोटं लिहिताना अक्षरावरूनच पकडतील असं वाटतं. मी लिहिलं, भरलेली.

"भरलेली टाकी स्वच्छ आहे असा दाखला हवाय तुम्हाला?" कारकुनांनी विचारलं, तेही शेजारच्या दोन टेबलांना ऐकू जाईल असं. मी अर्ज परत घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. परत येताना बसमध्ये उभाच राहिलो. रिकाम्या जागेवर बसायचीही लाज वाटत होती.

शेवटी साडूने फोनवर मार्ग दाखवला. जुने खिळे सोडून दे म्हणाला, हल्ली टाकीला बाहेरून चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. चार पट्ट्या, वरपासून खालपर्यंत, एकेक वायर एकेका दिव्याला. आत हात घालायचा नाही, वास घ्यायचा नाही. साडूबद्दल माझ्या मनात इतकं प्रेम त्याआधी कधी दाटून आलं नव्हतं.

निघायला चार दिवस उरले असताना मी सतरंजी घेऊन गाडीखाली शिरलो. गाडीखालून जग फार वेगळं दिसतं. वर तीन टन लोखंड, आणि त्यातलं काय कधी गळेल याचा भरवसा नाही. गळलंही, डाव्या डोळ्यात. ते कुठल्या टाकीतलं होतं याचा मी आजही विचार करत नाही. दोन्ही टाक्या शेजारी शेजारी, राखाडी, एका मापाच्या, जुळ्या भावांसारख्या. एका हातात टॉर्च, एका हातात टेप, दातांत वायर, आणि बाहेरून आमची ही दर मिनिटाला, "झालं का? जिवंत आहात ना?" अशा परिस्थितीत मी पट्ट्या चिकटवल्या, वायरी जोडल्या आणि सरपटत बाहेर आलो.

दिवा "रिकामी". हिरवा, गोड, शांत दिवा. मी गाडीच्या पायरीवरच बसलो.

सासऱ्यांनी स्वतः परीक्षा घेतली. खिशातून वही काढली. मी संडासात उभा राहून पाणी सोडायचं, त्यांनी दिव्याखाली उभं राहून पाहायचं. दहा वेळा, पंधरा वेळा, वीस वेळा. हिरवा गेला, "थोडी" लागला. आणखी पाणी सोडलं, "अर्धी" लागला. मग मी मैल्याची टाकी उपसून आणली, स्वच्छ पाण्याची पुन्हा भरली, आणि दिवा परत "रिकामी". सासऱ्यांनी वही मिटली. "आता काटा काट्यासारखा वागतोय," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच.

शुक्रवारी सकाळी आम्ही निघालो. रविवारच्या फोनची वाट न बघता सासऱ्यांनी आत्याला फोन केला होता. "निघालो," एवढंच बोलले होते. तिकडून काय उत्तर आलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण नवा शर्ट घातला होता.

पहिले तीन तास माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. सासरे दर पाऊण तासाला उठत, आत जात, बाहेर येत, दिव्याकडे पाहत आणि समाधानाने खिडकीशी बसत. तीन वर्षांनंतर माणूस झाडं बघत होता. चहा झाला, हिने कप धुतले, तोंडं धुणं झालं. दिवा "थोडी"वरून "अर्धी"वर आला, अगदी शहाण्यासारखा. मैला ओतायची पुढची जागा, एका कॅम्पच्या मैदानातली, अजून दीड तासावर होती. सगळं बेतात होतं.

पेट्रोल पंपावर थांबलो. मी पैसे देऊन परत आलो तर ही गाडीच्या बाजूला नळी धरून उभी. "स्वच्छ पाणी निम्मं झालं होतं," ती म्हणाली, "इथे नळ दिसला, भरून टाकली टाकी. काठोकाठ." शाबासकीच्या अपेक्षेने तिने माझ्याकडे पाहिलं. मी शाबासकी दिली, आत चढलो, आणि सवयीने वर पाहिलं.

दिवा "रिकामी".

मैल्याची टाकी तर कोणी उपसलीच नव्हती. पाच मिनिटांपूर्वी ती अर्धी होती आणि आता रिकामी? गेलं कुठे? मी किल्ली पडल्याचं सोंग करून गाडीखाली वाकलो. हिने भरलेल्या पाण्याचे थेंब अजून एका टाकीवरून ओघळत होते. आणि ते ओघळत होते माझ्या चार पट्ट्यांवरून.

पट्ट्या मी स्वच्छ पाण्याच्या टाकीला चिकटवल्या होत्या.

मग इतके दिवस दिवा खरं कसा बोलत होता? तर मी दोन चुका केल्या होत्या. उताणा पडून वायरी जोडताना वरचं खाली आणि खालचं वर केलं होतं. त्यामुळे स्वच्छ टाकी जितकी उतरे, तितकी मैल्याची टाकी चढलेली दिसे. आणि पाणी तर एकीतून निघून दुसरीतच जात होतं. माझ्या एका चुकीने दुसरीला पदराखाली घेतलं होतं. हिने नळी लावली आणि पदर सरकला. आता खाली अर्धी टाकी भरलेली होती, वर हिरवा दिवा हसत होता, आणि पाण्याचा साठा काठोकाठ होता, म्हणजे तो सगळा खाली जायला मोकळा होता.

सांगून टाकावं? मी तोंड उघडलं. सासरे दिव्याकडे बघत होते. "हं," ते म्हणाले, आणि खिडकीकडे वळले. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं, मला हायसं वाटलं. सांगितलं असतं तर? काटा खोटा ठरला की हा माणूस पिशवी काखेला मारून उतरणार, इथे, या पंपावर, घरापासून तीन तास आणि बहिणीपासून चार तास. पुन्हा कधी चढणार नाही. आणि त्या पलंगावरची बाई पुन्हा "बरं" म्हणणार. मी तोंड मिटलं आणि गाडी सुरू केली.

पुढचा दीड तास मी गाडी चालवत होतो असं म्हणणं धाडसाचं होईल. माझे कान मागे होते. संडासाचं दार वाजलं की माझ्या मानेवर घाम. हिने चहा ठेवला, मी घाबरलो. "कप धुऊ नकोस!" मी ओरडलो.

"का?"

"पाणी वाचवावं माणसाने."

"आत्ताच टाकी भरली ना?"

मागून सासरेच म्हणाले, "राहू दे गं, नंतर धू कप." मी मनोमन त्यांचे आभार मानले. गतिरोधक आला की मी बैलगाडीच्या वेगाने जात होतो; मागची गाडी हॉर्न वाजवून थकली. एका वळणावर खालून "गुडुप" असा आवाज आला आणि मला टाकी फुटल्याचा, आमच्या नव्या गादीवर ते सगळं आल्याचा, नव्या शर्टातले सासरे त्यात उभे असल्याचा देखावा इतका स्पष्ट दिसला की मी गाडी कडेला घेऊन पाणी प्यायलो. म्हणजे पिणार होतो. मग आठवलं की प्यायलेलंही शेवटी तिकडेच जाणार, आणि बाटली खाली ठेवून गाडी पुन्हा काढली.

"झालंय काय तुम्हाला?" ही म्हणाली. "चेहरा बघा आरशात."

तेवढ्यात सासरे पुन्हा उठले. मी आरशातून पाहिलं. ते दाराची कडी धरून, हलत्या गाडीत तोल सावरत उभे होते. "बाबा, थोडं थांबता का?" हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. याच चार शब्दांच्या भीतीने तो माणूस तीन वर्षं बाल्कनीत बसून होता. "बाबा, सावकाश," मी म्हणालो, आणि गाडीचा वेग आणखी कमी केला.

कॅम्पच्या मैदानात पोचलो तेव्हा दिवा "थोडी"वर होता. मैला ओतायच्या खड्ड्याशी पाच-सहा गाड्यांची रांग. आमची पाळी आली. गुडघाभर रबरी बूट घातलेला, हातात रजिस्टर धरलेला रखवालदार आत डोकावला.

"पातळी?" त्याने विचारलं आणि स्वतःच वर पाहिलं. "थोडी. अर्धीच्या खाली घेत नाही. बाजूला घ्या गाडी."

"अहो, घ्या ना."

"मागे रांग बघा. नियम आहे. अर्धी झाली की या."

अर्धी झाली की! मी हात जोडले. तो रजिस्टरकडे बघत राहिला. मागून हॉर्न सुरू झाले. पुढचा गाडीवाला परत येऊन उभा राहिला, मागचे दोघे उतरून आले. माझ्यापुढे दोन वाटा होत्या: एकतर गाडी बाजूला घेऊन आमच्याच पापांत बुडून मरायचं, नाहीतर बोलायचं. मी सासऱ्यांकडे पाठ केली, कारण त्यांच्याकडे बघून ते बोलता आलं नसतं.

"हा दिवा खोटा आहे," मी म्हणालो. "मीच बसवलाय. चुकीच्या टाकीला बसवलाय, आणि तोही उलटा. टाकीत किती आहे हे मला ठाऊक नाही. पंपापासून ठाऊक नाही. मी फक्त घाबरतोय."

मागे पायरी वाजली. सासरे उतरत होते. पिशवी आत ठेवून काठी घेतली होती, म्हणजे परत चढायची आशा होती की नव्हती ते कळेना. ते रखवालदारापुढे जाऊन उभे राहिले.

"या काट्यात अर्धी मिळवायची," ते शांतपणे म्हणाले. "पंपावर पाणी भरलं तेव्हा हा अर्ध्याने मागे पडला. दाखवतोय थोडी, अधिक अर्धी, म्हणजे भरत आलीय. लावा नळी आणि बघा."

एका म्हाताऱ्याने अशा आवाजात आकडा सांगितला की माणूस नळी लावतोच. नळी लावली, झडप उघडली. पाइप थरथरला, आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. रखवालदार एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मागचे दोघे आपापल्या गाडीकडे परत गेले.

"काठोकाठ होती की," रखवालदार शेवटी म्हणाला.

"नव्हती," सासरे म्हणाले. "अजून दोनदा जागा होती." आणि खिशातली वही काढून त्यांनी दाखवली. पंपापासूनचा प्रत्येक वापर टिपलेला होता. माझी बाटली खाली ठेवल्याचीही नोंद होती.

मी खड्ड्याच्या कठड्यावर बसलो. "बाबा, तुम्हाला कधी कळलं?"

"पोरीने नळी काढली तेव्हाच. न उपसता टाकी रिकामी झाली, छत्तीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं."

"पण काटा चुकत नाही म्हणता ना तुम्ही!"

"ते नव्या लोकांना सांगायचं असतं, त्यांनी मनाने आकडे लिहू नयेत म्हणून. अहो, आमच्या पंपघरातला एकही काटा बरोबर नव्हता. प्रत्येकाशेजारी खडूने लिहिलेलं असायचं, याच्यात इतके मिळवा, याच्यातून इतके वजा करा. काटा चुकला तर चालतो जावईबापू. किती चुकतो ते माहीत हवं."

"मग त्या दिवशी का उतरलात?"

सासऱ्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली. "तो हलतच नव्हता. न हलणाऱ्यात काय मिळवणार? आणि खरं सांगू? त्या दिवशी मला उतरायला कारण हवंच होतं."

"पंपावर बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुम्ही उतराल म्हणून."

"आणि मी बोललो असतो तर तुम्ही गाडी मागे फिरवली असती. तुमचा स्वभाव मला माहीत आहे." ते हसले. "दीड तास मी नुसता तुमच्या मानेकडे बघत होतो. इतक्या घाबरलेल्या माणसाच्या मागे बसलं की काट्याची गरजच पडत नाही."

आमची ही गाडीच्या पायरीवर उभी राहून सगळं ऐकत होती. "म्हणजे तुम्हाला दोघांनाही माहीत होतं," ती सावकाश म्हणाली, "आणि मी एकटी आनंदात होते?" त्यानंतर अर्धा तास ती आमच्यापैकी कोणाशी बोलली नाही. ते योग्यच होतं.

दुपारी आत्याच्या दारात पोचलो. छोटं घर, दार लोटलेलं. सासरे आम्हा दोघांच्या पुढे आत गेले. खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर एवढीशी झालेली आत्या. तिला मान वळवता येत नव्हती, पण काठीचा आवाज तिने ओळखला.

"डाव्या हाताला आहे रे," ती खिडकीकडे बघतच म्हणाली. "दार उघडंच ठेवलंय."

सासरे थांबले. शेवटचे उठले होते त्याला पाऊण तास होऊन गेला होता. मला ठाऊक होतं, मी आता सवयीने मोजत होतो. त्यांनी डावीकडे एकदा पाहिलंही. मग काठी भिंतीला टेकवली.

"असू दे," ते म्हणाले. "आधी तुझ्याजवळ बसतो."

आत्याने पाय जमेल तेवढे आखडून घेतले आणि पलंगावर जागा केली.